पश्चिमेची भिंत

मी घर दाखवते ते दुपारी दोनला.
मे महिन्यात. तेव्हा अख्खं सोलापूर
दारं लावून पालथं पडलेलं असतं
आणि एजंट मंडळी पंख्याखाली, तोंडावर रुमाल टाकून.
गिऱ्हाईक म्हणतं, मॅडम, संध्याकाळी गेलो असतो की ओ.
संध्याकाळी सगळीच घरं गार असतात.
हात ठेवा या भिंतीवर.
ठेवा, ठेवा. पश्चिमेची आहे.
आता ठरवा, पाळणा कुठल्या खोलीत बांधायचा.

हे कुठल्या कोर्सात शिकले नाही.
अम्मा पूर्वभागातल्या पत्र्याच्या खोलीत
दिवसाला हजार विड्या वळायची,
आणि ऊन फिरलं की मांडीवरचं सूप सांभाळत
सरकायची भिंतीभिंतीनं, सावलीमागं.
त्या खोलीचा नकाशा तिच्या मांडीला पाठ होता.

बोर्डावर रंगवून घेतलं, व्ही. आर. म्याकल, घरे व प्लॉट.
आद्याक्षरं मुद्दाम.
लोक डोकावून विचारायचे, साहेब आहेत?
साहेब उन्हात गेलेत, बसा.
मग पाणी देऊन सातबारा उघडायचे,
फेरफार कुठं अडलाय, बहिणीचं हक्कसोड झालंय का,
गुंठेवारीचा शिक्का खरा की झेरॉक्समधला.
तासाभरानं उठताना एखादा म्हणायचा,
साहेबांना सांगा, येऊन गेलो.

सौदे व्हायचे होटगी रोडच्या ढाब्यावर, रात्री दहानंतर.
तिथं मला खुर्ची नव्हती.
मला पहाटेचा नळ होता.
चार दिवसांनी पाणी यायचं, घागरी रांगेत,
आणि कुणाची बदली झाली, कुठली सून वेगळं व्हायचं म्हणते,
कुणी वरचा मजला कर्जात घातला,
हे ढाब्यावर पोचेपर्यंत
माझ्या वहीत शिळं झालेलं असायचं.

पहिल्या व्यवहारात जगदेव हत्तुरेनं अर्धीच दलाली दिली.
म्हणाला, तुम्हाला कुठं घर चालवायचंय.
सात रस्त्यापासून लुना ढकलत आले त्या दिवशी,
टाकी कोरडी.
पुढच्या खेपेपासून आधी कागद, मग चहा.

निंबव्वा कलशेट्टी आली, नवरा जाऊन सव्वा महिना.
दीर म्हणतात विकून टाक.
गिऱ्हाईक तयार होतं, रोख होतं,
माझ्या मुलाची फी भरायची होती.
मी तिच्यासमोर पाठकोऱ्या कागदावर मांडलं,
खालच्या दोन खोल्यांचं भाडं, बँकेचा हप्ता, लाईटबिल.
विकू नका, म्हटलं,
आणि रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या.
फी उशिरा भरली, दंडासकट.
निंबव्वा अजून त्याच घरात आहे. भाड्यावर मुलगी नर्स झाली.
तिनं पाठवलेली माणसं येतात, एकेक,
मी मोजायचं सोडून दिलंय.

कुणी इल्लू म्हणतं, कुणी मनी, कुणी मकान.
चारी भाषांत माझं बोलणं तेच,
टाकी किती लिटरची, पाणी कितव्या दिवशी,
लिफ्ट बंद पडली तर पायऱ्या किती.
माझ्यासोबत उभे राहिलेले किती जण
आता मोबाईलची दुकानं चालवतात.

हल्ली अफसाना बागवान येते हाताखाली.
विचारत होती, ताई, पहिलं काय सांगू? बाग? पार्किंग?
पहिलं वाईट सांग.
काल साडेतीनला परतली, ओढणी डोक्यावर, चेहरा लालबुंद.
नाही घेतलं त्यांनी, म्हणाली.
भिंतीला हात लावला का त्यांनी?
लावला.
मग बस. पाणी पी.

बोर्डाचा रंग उडालाय, पुन्हा रंगवायला दिलाय.
पेंटर शिडीवरून ओरडतो,
व्ही म्हणजे काय ओ?
विजयालक्ष्मी.
लई लांब होतंय, बसणार नाही.
बसतंय. फोन नंबर बारीक कर.